कोलेस्टेरॉलला पित्ताची वाट दाखवणारे विकर

कोलेस्टेरॉल ७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज हे यकृताच्या पेशींतील विकर, म्हणजे एन्झाइम. कोलेस्टेरॉलच्या सातव्या कार्बनवर ते हायड्रॉक्सिल गट बसवते आणि तिथून पित्ताम्ले बनण्याची मुख्य साखळी सुरू होते. कोलेस्टेरॉलची चार कड्यांची चौकट मोडून टाकण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. ते काढून टाकायचे तर मुख्यतः पित्तावाटेच.

कोलेस्टेरॉलचा शोधही पित्तखड्यांतच लागला, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. मात्र पित्ताम्लांशी असलेले त्याचे नाते बरीच वर्षे केवळ रचनेतील साम्यावर उभे होते. हाइनरिख वीलांड यांना पित्ताम्लांवरील कामासाठी १९२७ चे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांनी मांडलेली रचना चुकीची होती! ती १९३२ मध्ये दुरुस्त झाली. खरा पुरावा १९४३ चा. कोनराड ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला जड हायड्रोजनची खूण असलेले कोलेस्टेरॉल दिले आणि ती खूण त्याच्या कोलिक आम्लात, म्हणजे एका पित्ताम्लात, उतरली.

विकराचा माग मात्र स्वीडनमध्ये लागला, तोही आडवळणाने. उंदरांचे पित्त नळीवाटे बाहेर काढून घेतले, की यकृत कितीतरी जास्त पित्ताम्ले बनवू लागे. पित्ताम्ल आतड्यात परत सोडले, की उत्पादन उतरे. सुने बर्गस्ट्रॉम आणि हेन्री डॅनियल्सन यांनी १९५८ मध्ये हे नियंत्रण दाखवले. म्हणजे विकर हाती लागण्याआधी त्याचा लगाम दिसला होता. तो लगाम सातव्या कार्बनच्या पायरीवरच आहे, हे १९६० च्या दशकात उलगडले. हे विकर सायटोक्रोम पी-४५० कुळातले. त्याचे जनुक १९९० च्या सुमारास वेगळे करण्यात आले. लगाम खेचतो कोण, याचे उत्तर १९९९ मध्ये मिळू लागले: पित्ताम्ले पेशीतील एफएक्सआर या ग्राहीला चिकटतात आणि पुढे जनुकाचे काम मंदावते.

कोलेस्टायरामिन हे औषध याच लगामाचा फायदा घेते. ते आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवते, विकर मोकळे सुटते आणि वाढीव कोलेस्टेरॉलसाठी यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ओढून घेते. उलट बाजूही २००२ मध्ये समोर आली. हे विकर जन्मतःच निकामी असलेल्या रुग्णांत एलडीएल वाढलेले आढळले आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही.