डोक्यातील उवा

डोक्यातील ऊ (शास्त्रीय नाव: पेडिक्युलस ह्यूमनस कॅपिटिस) हा मानवाच्या डोक्यावरील केसांत राहून रक्तावर जगणारा, पंख नसलेला परजीवी कीटक आहे. त्याच्या अंड्यांना लिखा (एकवचन: लीख) म्हणतात. उवांचा प्रादुर्भाव जगभर आढळतो व तो मुख्यतः शाळकरी वयाच्या मुलांमध्ये होतो. अंगावरील उवांप्रमाणे डोक्यातील उवा प्रलापक ज्वरासारखे (टायफस) रोग पसरवीत असल्याचे सहसा आढळत नाही. तथापि खाज, झोपमोड, लोकलज्जा आणि चुकीचे घरगुती उपाय यांमुळे होणारा त्रास मोठा असतो.

व्युत्पत्ती

'ऊ' हा शब्द संस्कृत 'यूका' आणि 'लीख' हा शब्द 'लिक्षा' यावरून आला आहे. प्राचीन भारतात हे दोन्ही शब्द लांबीची सूक्ष्म मापे म्हणूनही रूढ होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ८ लिक्षा म्हणजे १ यूका आणि ८ यूका म्हणजे १ यवमध्य असे कोष्टक दिले आहे.

वर्णन व जीवनचक्र

पूर्ण वाढलेली ऊ २ ते ३ मिमी लांब, म्हणजे साधारण तिळाएवढी असते. तिच्या सहा पायांच्या टोकांना आकड्यासारखी नखे असून त्यांनी ती केस घट्ट पकडते. तिला उडता येत नाही किंवा उडीही मारता येत नाही.

मादी दिवसाला ८ पर्यंत अंडी घालते व ती चिकट स्रावाने केसाच्या मुळाजवळ चिकटवते. त्यामुळे लीख पाण्याने किंवा साध्या शाम्पूने सुटत नाही. सुमारे ७ ते १० दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर पडते. तीन वेळा कात टाकून ९ ते १२ दिवसांत ते प्रौढ होते. प्रौढ ऊ डोक्यावर सुमारे ३० दिवस जगते. डोक्यापासून दूर पडल्यास रक्ताअभावी ती एक-दोन दिवसांत मरते.

प्रसार

उवा प्रामुख्याने डोक्याला डोके लागल्याने पसरतात. एकत्र खेळणारी, एका अंथरुणावर झोपणारी मुले व त्यांचे कुटुंबीय यांच्यात त्या सहज पसरतात. कंगवा, टोपी, ओढणी यांतून होणारा प्रसार त्यामानाने कमी असतो. कुत्रा, मांजर यांच्यापासून या उवा येत नाहीत. अस्वच्छतेमुळे उवा होतात हा समज चुकीचा आहे; रोज धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सहज राहतात.

लक्षणे व निदान

उवेच्या लाळेची अधिहर्षता (ॲलर्जी) झाल्याने डोके खाजते. प्रथमच प्रादुर्भाव झाल्यास खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर उवा इतरांपर्यंत पोहोचलेल्या असतात. खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

केस ओले करून बारीक दातांच्या फणीने विंचरणे व फणी पांढऱ्या कापडावर झटकून पाहणे ही निदानाची खात्रीशीर रीत आहे. जिवंत ऊ दिसणे हाच प्रादुर्भावाचा पुरावा होय. कोंडा झटकल्यावर गळतो, लीख मात्र केसाला चिकटून राहते. मुळापासून १ सेंमीहून दूर असलेल्या लिखा बहुधा रिकाम्या किंवा मेलेल्या असतात, कारण केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतो.

उपचार

परमेथ्रिन १ टक्का हे द्रावण धुतलेल्या, किंचित ओल्या केसांना लावून १० मिनिटांनी धुतात. ते लिखांना पूर्णपणे मारत नाही. म्हणून सुमारे नवव्या दिवशी ते पुन्हा लावतात, जेणेकरून मधल्या काळात बाहेर पडलेली पिल्ले अंडी घालण्यापूर्वीच मरतात. ही दुसरी वेळ टाळणे हे उवा 'परत येण्याचे' एक नेहमीचे कारण आहे. अनेक देशांत उवांमध्ये या औषधाला प्रतिरोध निर्माण झाला आहे. तेथे डायमेथिकोन, आयव्हरमेक्टिन इत्यादी पर्याय वापरतात. तान्ही मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी औषध निवडताना डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो.

औषधाविना उपचार करताना ओल्या केसांना कंडिशनर लावून, एकेक बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवतात. दर ३-४ दिवसांनी, किमान दोन आठवडे हे करावे लागते. घरातील सर्वांची तपासणी करून ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा सापडतील त्यांचे उपचार एकाच दिवशी करतात. अभ्रे, टॉवेल, फण्या गरम पाण्यात धुणे पुरेसे असते; घरात कीटकनाशक फवारण्याची गरज नसते.

घातक उपाय

रॉकेल लावल्याने त्वचा भाजते व केस पेट घेण्याचा धोका असतो. शेतीची कीटकनाशके त्वचेतून शरीरात भिनून विषबाधा करतात. महाराष्ट्रात प्रचलित असलेली सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, परंतु ती डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पटलाला गंभीर इजा होते.

सामाजिक बाजू

उवा झालेल्या मुलांना चिडवणे, वेगळे बसवणे किंवा मुलींचे केस सक्तीने कापणे असे प्रकार घडतात. त्यामुळे पालक प्रादुर्भाव लपवतात आणि प्रसार चालूच राहतो. केवळ लिखा दिसतात म्हणून मुलाला शाळेतून घरी पाठवू नये, अशी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची भूमिका आहे.