खाऱ्या सरोवराचे ऋण

बदलीच्या हुकुमाने मी कलकत्त्यास आलो त्याला आता सहा वर्षे होतील. (शहराचे अधिकृत नाव २००१ पासून कोलकाता आहे, परंतु जुन्या गोष्टी सांगताना जुने नावच लेखणीवर येते.) बिऱ्हाड लावले त्याच आठवड्यात शेजारचे वृद्ध गृहस्थ भेटावयास आले. आम्ही त्यांना आता मेशोमोशाय म्हणतो. आम्ही मराठी आहोत हे कळताच ते हसत म्हणाले, "म्हणजे तुम्ही बर्गी! पण बसा निश्चिंत. तुमच्यासाठी खणलेला खंदक आम्ही केव्हाच बुजवला आहे."

बर्गी म्हणजे आपला बारगीर. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या स्वाऱ्यांची धास्ती बंगालमधील अंगाईगीतांत अद्याप टिकून आहे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या रहिवाशांनी गावाभोवती सात मैलांचा खंदक खणण्याचे योजिले. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे तेथवर आलेच नाहीत, आणि काम अर्धवट राहिले. इंग्रजांच्या कागदपत्रांत तो 'मराठा डिच' ह्या नावाने नोंदला गेला. १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला.

ह्या खंदकाची हकीकत जमवावी ह्या हेतूने मी सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसू लागलो. हेतू अर्थात अभिमानाचा होता. परंतु इतिहासाच्या वाटेवर माणूस निघतो एकीकडे आणि पोहोचतो भलतीकडेच. सर्क्युलर रोडची माहिती वाचताना असे आढळले, की १८६० नंतरच्या दशकात ह्याच रस्त्याच्या कडेने नगरपालिकेची एक आगगाडी धावू लागली. तिच्यात उतारू नसत. असे तो शहराचा केरकचरा. गाडी पूर्वेस धापा नावाच्या ठिकाणी जाऊन रिकामी होई. आणि त्या धाप्याची फुलकोबी गेली सहा वर्षे आमच्या घरी शिजत आहे हे तेव्हा मला उमगले. मराठ्यांचा खंदक तेथेच सुटला, आणि मी कलकत्त्याच्या सांडपाण्यामागे लागलो.

ह्या शहराची जमीन समजल्यावाचून पुढची कथा समजावयाची नाही. हुगळी नदी पश्चिमेस आहे. परदेशी माणसाला वाटावे, की शहराचे पाणी नदीकडे वाहत असेल. वस्तुतः वर्षानुवर्षांच्या गाळाने नदीचा काठ उंच झालेला असून जमिनीचा उतार पूर्वेकडे, म्हणजे नदीला पाठमोरा आहे. पूर्वेस पूर्वी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. विद्याधरी नदीतून समुद्राची भरती तेथवर येई, आणि तिच्याबरोबर खाडीचे मासेही येत. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात ह्या खाऱ्या सरोवराला नावे ठेवली आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी पसरते, मासे येतात, मग पाणी ओसरले की ते कुजून हवा दूषित होते, अशी त्याची तक्रार. गोऱ्या लोकांच्या मते हे सरोवर म्हणजे तापांचे माहेरघर.

तरीही शहराची घाण कोठे जावी ह्याचे उत्तर त्या उतारानेच दिले होते. गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १८०३ च्या आपल्या टिपणीत शहराच्या गटारांची दिशाच चुकली असल्याचे दाखविले. तो विचार प्रत्यक्षात येण्यास अर्धे शतक गेले. १८५५ साली विल्यम क्लार्क ह्या अभियंत्याने जमिनीखालून विटांची गटारे बांधून मैला व पावसाचे पाणी पूर्वेस नेण्याची योजना मांडली. १८५९ मध्ये काम सुरू झाले. पुढील दीड-दोन दशकांत शहराचे सांडपाणी विद्याधरीत पडू लागले. घन कचऱ्यासाठी धाप्यास एक चौरस मैल जागा मुक्रर झाली होतीच.

'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' अशी आपल्याकडे म्हण आहे. धाप्याच्या उकिरड्याला जवळजवळ तेवढाच काळ लागला. १८७९ च्या सुमारास भवनाथ सेन ह्या गृहस्थांनी ही जागा खंडाने घेतली आणि कुजलेल्या केराच्या पट्ट्यांवर भाजीपाला लावला. पट्ट्यांमधील चरांतून सांडपाणी खेळू लागले. शहराने फेकलेल्या सालपटांतून शहरासाठीच कोबी, वांगी, भोपळे, मका, माठ-पालक उगवू लागला. आपल्या भाषेने मैल्याच्या खताला 'सोनखत' हे नाव फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. शेतकऱ्याने दिलेले ते नाव आहे. त्यात किळस नाही, हिशेब आहे.

मात्र सांडपाण्याचे कोडे एवढ्याने सुटले नाही. बोटींच्या वाहतुकीसाठी कालवे काढण्यात आले, भरतीचे पाणी पसरावयाच्या जागा बांधांनी अडल्या, आणि त्यात शहराचा गाळ. ह्या तिहेरी ओझ्याखाली विद्याधरी भरून आली. १९२८ साली ती मृत झाल्याचे सरकारी रीतीने जाहीर झाले. नदी मेली, तशी भरती थांबली. भरती थांबली, तसा खारेपणा गेला. मासेमारीवर पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. समोर पाणी होते, पण ते शहराच्या गटाराचे.

ह्याच अडचणीतून पुढचे ज्ञान जन्मले. १९३० च्या सुमारास विधुभूषण सरकार नावाच्या जमीनदारांनी आपल्या तळ्यात सांडपाणी बेताने सोडून गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला, असे सांगतात. इतरांनी त्यांचे पाहून केले. पुढे महापालिकेचे मुख्य अभियंता डॉ. बी. एन. दे ह्यांच्या योजनेप्रमाणे शहरापासून कुलटी नदीपर्यंत लांब कालवे काढले गेले व १९४३ मध्ये ते पुरे झाले. वाटेत बानतला येथे दारे बसविल्यामुळे कालव्यातील पाण्याची पातळी उंच राहू लागली, आणि ते आपल्या उताराने तळ्यांत शिरू लागले. ह्या तळ्यांना बंगालीत 'भेरी' म्हणतात.

भेरीचे काम पाहण्यासाठी मी दोन हिवाळ्यांत तिकडे गेलो. थंडीत तळे आटवून तळाला ऊन देतात, गाळ उकरतात, चुना टाकतात. मग सांडपाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे त्याला हातही लावीत नाहीत. तळे खोल नसते; कमरेइतके पाणी, फार तर छातीइतके. सारे मर्म ह्या उथळपणात आहे. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, शेवाळ वाढते, शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर सूक्ष्म जंतू मैल्याचे विघटन करतात, आणि विघटनातून सुटलेली द्रव्ये पुन्हा शेवाळाचे अन्न होतात. रोगजंतूही ह्या मुक्कामात मोठ्या प्रमाणावर घटतात. अन्यत्र ह्याच कामासाठी यंत्रे बसवून विजेने पाण्यात हवा कोंडावी लागते. शेवाळ अतोनात माजले तर मात्र पाणी बिघडते. तेथे मासे उपयोगी पडतात. रोहू, कटला, मृगल, तिलापिया ते खाऊन ताब्यात ठेवतात. पाणी तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी आधी थोडे मासे सोडून बघतात. ते तगले तर बाकीचे. काठाला जलपर्णीची पट्टी राखलेली असते. एरवी शत्रू मानलेली ही वनस्पती येथे लाटांपासून बांधाचे रक्षण करते आणि पाण्यातील जड धातूही काही अंशी शोषून घेते. भेरीतून बाहेर पडलेले पाणी पुढे भातखाचरांना जाते. भाजी, मासे आणि भात: शहराची घाण शहराच्या ताटात परत येताना अशी तीन ठिकाणे गाठते.

मध्यरात्रीनंतर जाळी पडतात. जिवंत मासे ॲल्युमिनियमच्या हंड्यांत पाण्यासह घालून पहाटेच्या आत लिलावाच्या बाजारात पोहोचवावे लागतात. वाटेत एकजण हंडीतले पाणी सतत हाताने हलवीत राहतो. हात थांबला, तर पाण्यातील हवा संपते व मासा मरतो. मेलेल्या माशाला जिवंताचा भाव येत नाही. रोजच्या बाजारात फडफडणारा मासा निवडून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या हाताची कल्पना नसते. मलाही नव्हती.

आज सुमारे १२,५०० हेक्टरांच्या ह्या प्रदेशात अडीचशेच्या आसपास भेऱ्या आहेत. शहराचे रोजचे सुमारे ७५ कोटी लिटर सांडपाणी इकडे येते. वर्षाकाठी १०,००० टनांहून अधिक मासे व दररोज दीडशे टनांच्या घरात भाजी येथून निघते, असा अंदाज दिला जातो. महानगराच्या इतक्या जवळ, रस्त्याने तासाभराच्या अंतरावर, एवढे अन्न पिकत असल्यामुळे गरिबाला मासळी-भात परवडतो. पावसाळ्यात शहराचे तुंबलेले पाणी सामावून घेणारी जागाही हीच.

इतके असूनही शहराने ह्या जागेकडे पाहिले ते रिकामी जमीन म्हणूनच. १९६२ साली मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय ह्यांच्या हस्ते उत्तरेकडील खारे सरोवर भरण्याच्या कामास आरंभ झाला. हुगळीचा गाळ नळांतून आणून युगोस्लाव्ह कंपनीच्या साहाय्याने चारपाच वर्षांत तळी बुजविण्यात आली. तेथे जी सुबक नगरी उभी राहिली तीच सॉल्ट लेक ऊर्फ बिधाननगर. फाळणीनंतर माणसांनी ओसंडणाऱ्या शहराला जागा हवी होती, हेही विसरता येत नाही. माझी कचेरी ह्याच भागात आहे, आणि भाड्याचे बिऱ्हाडही. म्हणजे जी भेरी बुजली तिच्यावर बसूनच मी हा लेख लिहीत आहे. कोणास दोष देण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

उरलेल्या भेऱ्या वाचल्या त्यात एका सरकारी नोकराचा वाटा मोठा आहे, हे मला विशेष वाटते. डॉ. ध्रुवज्योती घोष हे राज्य सरकारच्या सेवेतील अभियंता. १९८० नंतरच्या काही वर्षांत शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते ह्याचा तपास करीत ते कालव्याच्या काठाने चालत निघाले आणि भेऱ्यांपाशी पोहोचले. मच्छीमारांकडून ते शिकले, नकाशा तयार केला, आणि ही दलदल नसून शहराचे मूत्रपिंड आहे असे जन्मभर सांगत राहिले. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल ५०० हा सन्मान त्यांना मिळाला. १९९२ साली, ह्या प्रदेशात मोठे व्यापारकेंद्र उभारण्याच्या बेताविरुद्ध एका नागरी संघटनेने दाद मागितली असता, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी ह्यांनी येथील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. ऑगस्ट २००२ मध्ये रामसर कराराच्या यादीत ह्या पाणथळीचा समावेश झाला. २००६ मध्ये संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. डॉ. घोष २०१८ साली निवर्तले.

कायदा झाला तरी भराव थांबलेला नाही. रात्री मातीच्या गाड्या येतात. सकाळी तळ्याचा एक कोपरा नाहीसा झालेला असतो. शिवाय कचराही आता पूर्वीचा राहिला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या केरात सालपटे, राख, शेण असे. आजच्या केरात प्लास्टिक, काच व बॅटऱ्यांचे तुकडे असतात. कारखान्यांच्या सांडपाण्यातील धातूंची काळजी तज्ज्ञांना वाटते, व ती रास्त आहे. परंतु त्यावरील उपाय विषारी पाणी मूळ ठिकाणीच अडविणे हा आहे, भेरी बुजविणे हा नव्हे.

दोन वर्षांपूर्वी एका दलालाने शहराच्या पूर्वेस एक सदनिका दाखविली. कारकुनाच्या पगारात बसणारी किंमत, खिडकीतून वारा. सौ. ला घर पसंत पडले. मी सवयीने जमिनीचे कागद मागितले. त्यांतील एका जुन्या नोंदीत त्या भूखंडाच्या पुढे जलाशय असे लिहिले होते. दलाल म्हणाला, "साहेब, सगळेच घेतात." ते खोटे नव्हते. घरी परतल्यावर त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. शेवटी सौ. म्हणाली, "जाऊ द्या. तिथे राहून तिथलाच मासा कसा मागायचा?" आम्ही अजून भाड्याच्या घरातच आहोत, आणि ह्या निर्णयाची टोचणी महिन्याच्या अखेरीस मला कधीकधी जाणवते.

माझे दिवसाचे काम जमाखर्चाचे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी शहरे कोट्यवधी रुपये खर्च करतात, तो आकडा अंदाजपत्रकात दिसतो. तेच काम करून वर मासे देणाऱ्या भेरीवाल्याच्या नावे मात्र कोणत्याही वहीत एक ओळ सापडत नाही. जे जमेस धरले नाही ते गेले तर तूट दिसत नाही. धोका आहे तो येथेच.

परवा हे सारे मी मेशोमोशायांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बर्गींसाठी खंदक खणला, तेव्हा शत्रू बाहेरून येणार होता, बाबा. आता खंदक कुठल्या बाजूला खणायचा?" मला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात खाली मासळीवाल्याची हाक आली, आणि ते पिशवी घेऊन जिना उतरू लागले.