बालकांच्या आहारातील प्रथिने : एका निदानाचा इतिहास

लहान मुलांना पुरेशी प्रथिने कशी मिळावीत, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास तो जागतिक अन्ननीतीचा प्रश्न बनला, आणि त्याचे निराकरण करण्यात संख्याशास्त्राचाही मोठा वाटा होता. या इतिहासात निदान आणि उपाय यांचा संबंध कसा जुळतो व कसा तुटतो, हे स्पष्टपणे पाहावयास मिळते.

त्याचा आरंभ पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे झाला. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये तेथील बालकांच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगावर सूज, त्वचेचे विकार व केसांचा पालटलेला रंग ही त्याची लक्षणे होत. ही मुले प्रायः मक्याच्या पेजेवर वाढत असत. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ‘क्वाशिओरकोर’ हे स्थानिक गा भाषेतील नाव रूढ केले. धाकटे भावंड जन्मल्यामुळे आईच्या दुधाला पारखे झालेल्या मुलाचा रोग, असा त्याचा आशय आहे. एखाद्या अमिनो आम्लाची वा प्रथिनाची उणीव हे कारण नाकारता येत नाही, इतकेच विल्यम्स यांनी १९३३ मध्ये सावधपणे नमूद केले होते.

पुढे ही सावधगिरी लोपली. १९५२ मध्ये ब्रॉक व ओत्रे यांचा आफ्रिकेतील या रोगाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रथिनविषयक सल्लागार मंडळ स्थापिले. आणि १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला. साय काढलेल्या दुधाची भुकटी, माशांचे पीठ, तेलबियांच्या पेंडीचे पीठ अशा प्रथिनसमृद्ध पदार्थांवर संशोधनाचा व पैशाचा ओघ वळला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही भुईमूग व हरभरा यांपासून असे अन्न सिद्ध करण्यात आले.

या समजुतीस भारतातून महत्त्वाचे आव्हान मिळाले. डॉ. सी. गोपालन यांना हैदराबाद येथे असे आढळले की, क्वाशिओरकोर झालेली मुले आणि केवळ खंगलेली मुले यांच्या पूर्वीच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा ठळक भेद नव्हता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले व अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले पां. वा. सुखात्मे यांनी आहार-पाहण्यांच्या आकड्यांवरून हेच दुसऱ्या मार्गाने प्रतिपादिले. तृणधान्य व डाळ यांचा आहार पोटभर मिळाल्यास प्रथिनांची गरज बहुधा भागते. तो अपुरा पडल्यास शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. अशा वेळी प्रथिनांची उणीव हा उपासमारीचा परिणाम ठरतो. १९७३ मध्ये गोपालन व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना रोज सुमारे ३१० उष्मांक व अवघी ३ ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार दिला असता त्यांची वाढ सुधारली.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालाने बालकांच्या प्रथिन-गरजेचे मान खाली आणले. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मधून पूर्वीच्या धोरणावर कठोर टीका केली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, चुकीच्या निदानापायी साधने व्यर्थ गेली आणि मुले कुपोषितच राहिली. १९७७ मध्ये सल्लागार मंडळाचे विसर्जन झाले.

तथापि, यावरून प्रथिने गौण आहेत असा निष्कर्ष काढणे हे पहिल्या चुकीचेच उलट रूप होईल. बालकाचे जठर लहान असते; पातळ पेजेने ते भरते, पण उष्मांक व प्रथिने दोन्ही अपुरी पडतात. तृणधान्यांत लायसिन कमी असल्याने डाळीची वा दुधाची जोड आवश्यक ठरते. क्वाशिओरकोरच्या कारणांचा उलगडाही आजवर पूर्णपणे झालेला नाही.

विल्यम्स यांच्या निरीक्षणात दोष नव्हता. दोष घडला तो मक्यावर वाढणाऱ्या एका प्रदेशातील मुलांचा रोग साऱ्या जगाच्या भुकेचे प्रतीक मानण्यात. प्रथिनांच्या भुकटीने जो प्रश्न सुटेलसा वाटला, तो मूलतः घरातील पुरेशा अन्नाचा, म्हणजेच दारिद्र्याचा होता.