हिपॅटायटिस सी : एक गोळी का पुरत नाही?

हिपॅटायटिस सी झालेल्या माणसाला आज बहुधा सोफोसबुविर आणि डॅक्लाटास्विर ही जोडी देतात. १२ आठवड्यांत बहुतेक जण पूर्ण बरे होतात. तुम्ही म्हणाल, दोन कशाला? एकाचाच डोस वाढवला तर? याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं, पण त्याला बराच वेळ लागला.

हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. पंचाईत अशी, की तो प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये नीट वाढतच नव्हता. मग औषध तपासायचं कशावर? १९९९ मध्ये जर्मनीतल्या माइन्झला फोल्कर लोमन आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी युक्ती केली. विषाणूचं कवच बनवणारी जनुकं काढून टाकली आणि तिथे एका अँटिबायोटिकपासून वाचवणारं जनुक बसवलं. हा अर्धामुर्धा विषाणू, म्हणजे रेप्लिकॉन, त्यांनी यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत घातला. वरून ते अँटिबायोटिक टाकलं, की ज्या पेशींत रेप्लिकॉन स्वतःच्या प्रती काढतोय तेवढ्याच जगतात.

आता औषधांच्या जोड्या तपासता येऊ लागल्या. ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची, बुद्धिबळाच्या पटासारखी. पहिलं औषध डावीकडून उजवीकडे वाढवत न्यायचं, दुसरं वरून खाली. समजा, पहिल्याने ५० टक्के विषाणू उरतो आणि दुसऱ्याने ४० टक्के. दोघं आपापलं काम स्वतंत्रपणे करत असतील, तर मिळून २० टक्के उरायला हवा. त्याहून कमी उरला, तर औषधं एकमेकांना मदत करतायत. जास्त उरला, तर एकमेकांच्या पायात पाय घालतायत.

पण हे झालं दोन-तीन दिवसांचं गणित. खरी लढाई पुढे असते. या विषाणूचा जिनोम साधारण ९,६०० अक्षरांचा, आणि नक्कल करताना झालेल्या चुका तो दुरुस्त करत नाही. १९९८ च्या एका अंदाजानुसार रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी विषाणू तयार होतात. म्हणजे एका अक्षराच्या बदलाने औषध चुकवता येत असेल, तर तसा विषाणू उपचाराआधीच हजर असतो!

म्हणून आणखी एक प्रयोग करतात. रेप्लिकॉनच्या पेशींना अँटिबायोटिक आणि औषध दोन्ही देऊन काही आठवडे थांबायचं. ज्या पेशींतला रेप्लिकॉन औषधाला दाद देत नाही, त्यांच्याच वसाहती उरतात. त्या मोजायच्या. एका औषधावर भरपूर वसाहती दिसतात, योग्य जोडीवर त्या फार कमी होतात.

जोडी 'योग्य' हवी, हे मात्र महत्त्वाचं. २०१२ मध्ये डॅक्लाटास्विर आणि असुनाप्रेविर ही जोडी इंटरफेरॉनशिवाय ११ रुग्णांना दिली गेली. बरे झाले फक्त ४. ज्यांच्यात उपचार चालू असतानाच विषाणू उसळला, त्यांच्यात दोन्ही औषधांना चुकवणारी म्युटेशन्स सापडली. सोफोसबुविरचं बलस्थान इथेच आहे. त्याला चुकवायला विषाणूला आपलं नक्कल काढणारं एन्झाइमच बदलावं लागतं, आणि तसा बदललेला विषाणू लुळा पडतो. डॅक्लाटास्विर अत्यंत कमी मात्रेतही प्रभावी, पण त्याला चुकवणं सोपं. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आपल्याकडे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. तेव्हा ओळखीत कुणी या गोळ्या घेत असेल, तर एवढं नक्की सांगा: बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. उरलेल्या थोड्या विषाणूंनाच तर तेवढी संधी हवी असते.