आपत्तीनंतरची पहिली वाट : लष्करी अभियंते, बेली पूल आणि रसदव्यवस्था

प्रस्तावना

‘रसद’ हा शब्द मराठी इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाही. इ.स. १७६१ च्या पानिपत मोहिमेत रसद तुटल्यामुळे सैन्याची जी उपासमार झाली, तिने लढाईचा निकाल रणांगणापूर्वीच बऱ्याच अंशी ठरवून टाकला होता. नैसर्गिक आपत्तीतही असेच घडते. दरड कोसळून किंवा पूर येऊन पूल वाहून गेला, की पलीकडच्या गावाला अन्न, औषध, इंधन आणि यंत्रे यांचा पुरवठा थांबतो व मूळ आपत्तीत वाचलेली माणसे दुसऱ्या संकटात सापडतात. अशा वेळी सैन्यदलांनी केलेल्या सुटकेच्या कार्याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु त्या कार्यामागील पुरवठ्याच्या गणिताची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत निबंधात केदारनाथ (२०१३), रैणी (२०२१) आणि वायनाड (२०२४) या तीन घटनांच्या आधारे या गणिताचा विचार केला आहे.

बेली पुलाची पार्श्वभूमी

ब्रिटिश युद्ध कार्यालयाच्या सेवेतील मुलकी अभियंता डोनाल्ड बेली यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ च्या सुमारास, या पुलाचा आराखडा तयार केला. सुमारे १० फूट लांब व ५ फूट उंच अशी पोलादी चौकट हा त्याचा मूळ घटक होय. तिचे वजन अंदाजे २६० किलो असल्याने सहा माणसे ती उचलू शकतात. चौकटी खिळींनी जोडून पूल एकाच काठावर बांधला जातो व रुळांवरून समोरच्या काठाकडे ढकलला जातो. त्यासाठी क्रेन लागत नाही, नदीपात्रात परांची उभारावी लागत नाही. भार जास्त असेल, तर चौकटींच्या रांगा वाढवता येतात. सर्व सुटे भाग एकसारखे असल्यामुळे कोणत्याही कोठारातील चौकट कोणत्याही पुलाला चालते. युद्धासाठी शोधलेली ही रचना आपत्तीनंतर उपयोगी पडते, याचे कारण दोन्ही प्रसंगी वेळ, यंत्रे आणि जागा यांची सारखीच टंचाई असते. भारतात कोलकात्याच्या ‘गार्डन रीच शिपबिल्डर्स’ या सरकारी कारखान्यात असे पूल तयार होतात.

तीन घटना

१६-१७ जून २०१३ रोजी मंदाकिनीच्या खोऱ्यात आलेल्या प्रलयाने रस्ते आणि पूल उद्ध्वस्त केले. यात्रेकरूंच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरे आली, पण त्यांना लागणारे इंधन डोंगरात पोहोचवायचे कसे, हा पहिला प्रश्न होता. वायुदलाने सी-१३० जे हे मालवाहू विमान धरासूच्या छोट्या धावपट्टीवर उतरवून तेथे इंधन पोहोचवले. एमआय-२६ या अवजड हेलिकॉप्टरने गौचर येथे इंधन आणि सीमा रस्ते संघटनेची यंत्रे आणली. रस्ता मोकळा करणारे यंत्रच रस्त्याअभावी हवेतून न्यावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना येते. या कार्याची किंमतही मोठी होती. २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ वायुदलाचे हेलिकॉप्टर कोसळून २० जवान मृत्युमुखी पडले.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्याने रैणी गावाजवळील जोशीमठ-मलारी मार्गावरचा पूल वाहून नेला आणि १३ गावांचा संपर्क तुटला. हाच मार्ग सीमेवरील ठाण्यांकडे जातो. सीमा रस्ते संघटनेने तेथे २०० फूट लांबीचा बेली पूल उभारला; तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाहतुकीस खुला झाला.

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई व चूरलमला परिसरात दरडी कोसळून अडीचशेहून अधिक माणसे दगावली. या दोन गावांना जोडणारा पूलही नष्ट झाला. लष्कराने प्रथम पादपूल उभारला. त्यानंतर ‘मद्रास सॅपर्स’च्या जवानांनी ३१ जुलैच्या रात्री सुरू केलेला १९० फूट लांबीचा, २४ टन भारक्षमतेचा बेली पूल १ ऑगस्टच्या संध्याकाळी पूर्ण केला. त्याचे साहित्य दिल्लीहून विमानाने कण्णूरला व तेथून मालमोटारींनी, तसेच बंगळुरूहून रस्त्याने आले. या पथकातील मेजर सीता शेळके या पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या होत.

विवेचन

रैणीचा आणि वायनाडचा पूल जवळजवळ सारख्याच लांबीचा. परंतु एकास जवळपास महिना लागला, तर दुसऱ्यास एक दिवसही पुरा लागला नाही. हा फरक जवानांच्या जिद्दीचा नव्हे. रैणीला एका बाजूस उभा कडा व दुसऱ्या बाजूस राडारोड्याचे ढीग होते. पुलाआधी काठच तयार करावे लागले. वायनाडला चूरलमलापर्यंतचा रस्ता शाबूत होता आणि विमानतळ आवाक्यात होता. म्हणजेच पुलाची जोडणी हा कामाचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग असतो. काठाची स्थिती, साहित्याचे कोठार आणि कोठारापासून काठापर्यंतचा मार्ग या तीन गोष्टींवर वेळ ठरतो.

दुसरा मुद्दा क्रमाचा आहे. वायनाडात आधी माणसांपुरता पूल झाला, मग रुग्णवाहिका व माती उपसणारी यंत्रे पेलणारा. केदारनाथलाही इंधन आधी, यंत्रे नंतर असा क्रम राखावा लागला. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आधी पोहोचली पाहिजे, हे ओळखणे हेच रसदव्यवस्थेचे मर्म होय.

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. लष्कर हे काम त्वरेने करते, म्हणून ते त्याच्यावरच सोपवावे काय? २०१७ मधील एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर मुंबई परिसरातील तीन पादचारी पूल लष्कराने बांधले, तेव्हा हा वाद महाराष्ट्रातही झाला होता. तेथे तर नैसर्गिक आपत्ती नव्हती. नागरी यंत्रणेची दिरंगाई होती. याउलट, २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला व अनेकांचा बळी गेला. तेथे शेजारी दुसरा पूल असल्यामुळे महामार्ग कायमचा तुटला नाही आणि जून २०१७ मध्ये नवा पूल नागरी यंत्रणेनेच उभा केला. पर्यायी मार्ग आणि पूर्वनियोजन असेल तर नागरी यंत्रणाही समर्थ ठरते, हे यातून दिसते.

निष्कर्ष

लष्करी अभियंत्यांचा वेग हा चमत्कार नाही. प्रमाणित सुटे भाग, भरलेली कोठारे आणि शांततेच्या काळातील सराव यांचे ते फळ आहे. वृत्तपत्रांतून जवानांना ‘देवदूत’ म्हणताना ही बाब झाकली जाते आणि आपली जबाबदारीही त्याबरोबर झाकली जाते. प्रत्येक डोंगराळ जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात कोणता पूल पडल्यास किती गावे तुटतील, तेथील काठ कसे आहेत आणि सर्वांत जवळचे पूलसाहित्य कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असावीत. ती नसतील, तर प्रत्येक वेळी लष्कराची वाट पाहावी लागेल, आणि त्या प्रतीक्षेचे तास नदीपलीकडची माणसे मोजत असतील.