विमानतळावरील ओळखपत्र तपासणी

विमानतळावरील ओळखपत्र तपासणी ही प्रवाशाचे तिकीट त्याच्या छायाचित्र असलेल्या ओळखपत्राशी ताडून पाहण्याची सुरक्षा प्रक्रिया आहे. भारतात ती इमारतीच्या प्रवेशद्वारापासूनच सुरू होते. डिसेंबर १९९९ मधील आयसी ८१४ विमानाच्या अपहरणानंतर, २००० सालापासून, विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यात आली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरही दाराशी याच दलाचे जवान असतात. देशांतर्गत प्रवासासाठी आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, पारपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक पुरते.

नावांतील तफावत

महाराष्ट्रात प्रवाशांच्या तक्रारींचे एक मूळ नावाच्या रचनेत आहे. येथे स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहितात. तिकिटावर सहसा नाव व आडनाव एवढेच असते. मधले पद गळल्यास सहसा निभावते. लग्नानंतर आडनाव, आणि काही घरांत पहिले नावही, बदललेल्या स्त्रियांची अडचण मोठी असते: तिकीट सासरच्या नावाचे, ओळखपत्र माहेरच्या. व्यक्ती एकच असली तरी जवानाला कागदावरील अक्षरेच जुळवावी लागतात. बदललेले नाव महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करता येते. त्याचे शासकीय मुद्रणालय गिरगावातील फणसवाडीपासून जवळच, चर्नी रोड येथे आहे.

डिजियात्रा

चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ही ऐच्छिक सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली व ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत आली. तिची नोंदणी आधारवर होत असल्याने नावांचा प्रश्न तेथेही उरतोच.