शाळा कुणाची?

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये एखाद्या मराठी शाळेचा पट घसरला की लगेच प्रश्न येतो: आता ही कुणासाठी चालवायची? मला मुंबईतल्या माझगावची सर एली कदूरी शाळा आठवते. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी ती बेने इस्रायली मुलांसाठी काढली. म्हणजे कोकणातले, घरात मराठीच बोलणारे ज्यू. गावाकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. पुण्यात शिकलेल्या, १९०५ ला मॅट्रिकला पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन बाई १९२२ पासून १९५० पर्यंत तिथे मुख्याध्यापिका. २८ वर्षं, गंमत नाही! पुढे बराचसा समाज इस्रायलला गेला. शाळेला कुलूप लागलं नाही. दार सगळ्यांना उघडं राहिलं. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान आणि हिंदू घरांतली आहेत.